उष्टी काढणारा पंडित

नाथभागवताच्या रोजच्या वाचनात आपण आता तेविसाव्या अध्यायाच्या शेवटाकडं आलो आहोत. अवंतीच्या त्या कंजूष ब्राह्मणाची गोष्ट, म्हणजे भिक्षुगीत. पैसा गाठीला बांधून ठेवला, बायकोमुलांना धड खाऊ दिलं नाही, दारात आलेला पाहुणा उपाशी परत गेला. मग तो पैसा गेला. काही भाऊबंदांनी घेतला, काही चोरांनी, काही राजानं, उरलेला काळानं. हात रिकामे झाल्यावर घरात कुणी विचारेना. तेव्हा कुठं त्याला अनुताप झाला.

अनुताप हा नाथांचा फार जवळचा शब्द आहे. 'चिरंजीवपद' या छोट्या प्रकरणात ते साधकाकडून सगळ्यात आधी अनुतापच मागतात. जप किती केला, वाचन किती झालं, हे नंतर. आधी, आतून पोळलं का ते सांग.

पण या अध्यायात मला एक गोष्ट दर वेळी खटकते, आणि ती बोलून टाकतो. हा ब्राह्मण पुढं भिक्षू झाला. लोकांनी मारलं, अंगावर थुंकले, पुढ्यातलं अन्न घाण केलं, तरी शांत राहिला. माझ्या दुःखाला लोक कारण नाहीत, देव नाहीत, ग्रह नाहीत, कर्म नाही, काळ नाही, माझं मनच कारण आहे, इथपर्यंत पोचला. केवढी मोठी गोष्ट! पण ज्या बायकोमुलांना त्यानं वर्षानुवर्षं उपाशी ठेवलं, त्यांच्यापाशी तो गेला का? कथेत तसं काही येत नाही. कथेचा तो विषयच नाही, हे मान्य. संन्याशाला ते चालून जातं. आपण मात्र संसारी माणसं. आपल्याला अनुताप झाला तर तो ज्याच्यामुळं झाला तो माणूस बहुतेक वेळा शेजारच्या खोलीत टीव्ही बघत बसलेला असतो. त्याच्यापर्यंत जायचं कसं?

याचं उत्तर मला भागवताच्या पानांपेक्षा नाथांच्या घरात जास्त सापडतं. नाथ स्वतः संसारी होते ना.

त्याआधी पैठणहून जरा देवगिरीला जाऊ. आपल्या शहरातून १५ किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला. तिथले किल्लेदार जनार्दनस्वामी हे नाथांचे गुरू. लहान वयात नाथ त्यांच्याकडं गेले आणि सेवा म्हणून हिशेबाचं काम त्यांच्याकडं आलं. चरित्रकार सांगतात की एका रात्री हिशेबात एका पैची चूक निघाली आणि ती काही केल्या सापडेना. सगळे झोपले, नाथ दिव्याशी बसून राहिले. पहाटेच्या सुमारास चूक सापडली आणि नाथांनी आनंदानं टाळ्या वाजवल्या. स्वामींना जाग आली. त्यांनी विचारलं, झालं काय? चूक सापडली म्हणाले. मग स्वामी जे बोलले त्याचा आशय असा, की एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग या संसाराच्या हिशेबात जी मोठी चूक आहे ती सापडली तर किती होईल!

ही गोष्ट आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना जरा जास्तच आवडते. रात्री अडीच वाजता बग सापडल्यावर होणारा आनंद ज्याला माहीत आहे त्याला त्या टाळ्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पण एक गंमत बघा. कोडमधली चूक सापडली की टाळी. हिशेबातली सापडली की टाळी. दुसऱ्याची सापडली तर मग विचारूच नका, फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतो आपण. नात्यात आपली स्वतःची चूक सापडली की मात्र टाळी वाजत नाही, तोंड वाकडं होतं. सापडलेली वस्तू पुन्हा लपवायची धडपड सुरू होते.

आपल्या मराठी भाषेत त्यासाठी सोयही भरपूर आहे. 'मी चुकलो' असं सरळ वाक्य आहे, दोन शब्दांचं. ते सोडून आपण काय काय म्हणतो? 'माझ्याकडून चूक झाली', म्हणजे चूक स्वतःच झाली, मी फक्त तिचा रस्ता होतो. 'चुकलं असेल माझं', यातला तो 'असेल' फार कामाचा. 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी', म्हणजे वाईट वाटून घेण्याचं काम तुझं. आणि सगळ्यात वरताण, 'बरं बाबा, माझंच चुकलं!' हे तर भांडणाचं पुढचं वाक्य आहे.

देवापुढं मात्र आपण मोकळे असतो. पूजा कुठलीही असो, शेवटी क्षमाप्रार्थना असतेच. मला मंत्र येत नाहीत, पूजा कशी करतात ते कळत नाही, जे उणं राहिलं ते पदरात घे, असं रोज संस्कृतात म्हणून टाकतो. देव उलटून 'मग काल असं का बोललास?' असं विचारत नाही, म्हणून ते सोपं जातं.

आता पैठणला येऊ.

नाथांचा मुलगा हरी, पुढं हरिपंडित म्हणून ओळखला जाऊ लागला. नावातच पंडित. शास्त्रं शिकलेला, संस्कृतात पारंगत, आणि आपल्या वडिलांबद्दल मनातून नाराज. नाराजीची कारणं दोन. एक, एवढे विद्वान असून वडील पुराण मराठीत सांगतात, प्राकृतात, बाजारच्या भाषेत. दुसरं, कुणाच्याही घरी जेवतात. गावानं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं होतं त्यांच्या घरी नाथ जेवले, श्राद्धाचं अन्न त्यांना वाढलं, या कथा आपल्याला माहीतच आहेत. आपल्याला त्या ऐकून अभिमान वाटतो. पण ज्या मुलाला गावातल्या पंडितांच्या सभेत बसायचं होतं त्याला काय वाटत असेल याचाही विचार करावा. त्याला वाटायचं, बाबा घराण्याचं नाव घालवतायत. शेवटी तो घर सोडून काशीला गेला.

काशीच का? विद्येचं माहेरघर म्हणून. पण याच काशीत शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, नाथांनी आपलं मराठी भागवत पूर्ण केलं होतं. मुलगा बापाच्या मराठीपासून पळून गेला तो नेमका त्या मराठी ग्रंथाच्या गावी.

नाथ त्याला आणायला काशीला गेले. आज रेल्वेनंसुद्धा हा प्रवास पूर्ण दिवसाहून जास्तीचा आहे, तेव्हा तो महिन्यांचा होता. आणि चूक कुणाची होती? नाथांची तर नव्हती. तरी पहिलं पाऊल त्यांचं. मुलगा यायला तयार झाला, पण त्यानं दोन अटी घातल्या. पुराण प्राकृतात सांगायचं नाही. दुसऱ्याच्या घरचं अन्न घ्यायचं नाही.

नाथ हो म्हणाले.

इथं मी बराच वेळ थांबतो नेहमी. त्या दोन अटी म्हणजे नाथांचं सगळं आयुष्य होतं. मराठीत बोलणं आणि कुणाच्याही पानावर बसणं, हे काढून घेतलं तर एकनाथ म्हणून काय उरतं? वादात मुलाला हरवणं त्यांना अवघड नव्हतं. त्यांनी वाद घातलाच नाही. काही जण याला नाथांचा कमीपणा म्हणतात, मला तसं वाटत नाही. मुलगा घरात असला तर त्याला काही दिसण्याची शक्यता आहे, काशीत राहिला तर नाही, एवढा साधा हिशेब त्यामागं असावा.

मग पैठणात हरिपंडिताचं संस्कृत पुराण सुरू झालं. लोक हळूहळू यायचे थांबले. कळतच नव्हतं तर बसून काय करणार? पण एवढ्यानं पंडिताचा निश्चय हलला नाही. श्रोते कमी झाले की वक्त्याला श्रोत्यांची चूक दिसते, हा अनुभव कुठल्याही मीटिंगमध्ये घ्यावा.

त्याच काळात गावातली एक बाई नाथांकडं आली. चांगल्या दिवसांत तिनं सहस्रभोजनाचा संकल्प केला होता. नंतर नवरा गेला, परिस्थिती गेली, संकल्प तेवढा राहिला. एक ब्रह्मज्ञानी जेवू घातला तर हजारांना घातल्याचं पुण्य, असं तिला सांगितलं गेलं आणि ती नाथांना बोलवायला आली. नाथांपुढं पेच. अट मोडायची नाही आणि बाईला नाही म्हणायचं नाही. त्यांनी तोडगा काढला तो असा, की हरीनंच तिच्या घरी जाऊन स्वयंपाक करावा. म्हणजे अन्न आपल्याच हातचं झालं. हरिपंडितानं स्वयंपाक केला, वाढलं, नाथ जेवले. जेवण झाल्यावर नाथ म्हणाले, हरी, पत्रावळ उचल.

त्यानं उचलली. खाली दुसरी. ती उचलली, खाली तिसरी. चरित्रात सांगतात, अशा हजार पत्रावळी निघाल्या.

हे कसं झालं असेल, असं मला काही मित्र विचारतात. आपण इंजिनियर, आपल्याला लॉग बघायची सवय. त्या वादात मी पडत नाही. मला त्या कथेत एक वेगळीच गोष्ट दिसते. पत्रावळ उचलायची तर वाकावं लागतं. उष्टी काढणं हे आपल्या घरात सगळ्यात खालचं काम समजलं गेलं, पंगतीत मान असणारा माणूस ते कधी करत नाही. आणि शिवाशिवीवरून बापाला अटी घालणारा हा पंडित एका गरीब बाईच्या अंगणात खाली वाकून उष्टी काढतोय. एकदा नाही, हजारदा. अहंकार एका झटक्यात जाणारा नसला तर दर खेपेला थोडा थोडा जात असेल.

हरिपंडिताला अनुताप झाला. त्यानं वडिलांचे पाय धरले, दोन्ही अटी मागं घेतल्या, आणि त्यांचं शिष्यत्व पत्करलं. मराठी पुराण पुन्हा सुरू झालं.

मला यातलं जे मोलाचं वाटतं ते 'अटी मागं घेतल्या' हे आहे. पाय धरणं आपल्यालाही जमतं, दिवाळीत धरतोच. हरिपंडितानं वडिलांकडून दोन गोष्टी काढून घेतल्या होत्या, त्या दोन्ही त्यानं परत दिल्या. माझ्या समजुतीप्रमाणं माफी ही तिथं पुरी झाली. आमच्या कामातलंच सांगायचं तर, नव्या रिलीजमुळं सिस्टिम बंद पडली तर आधी काय करतात, सॉरीचा मेल पाठवतात की रोलबॅक? आधी रोलबॅक. लोक अडकून पडलेले असताना सुंदर भाषेतला मेल कुणाच्या उपयोगाचा?

जवळजवळ प्रत्येक तुटलेल्या नात्यात अशी एखादी अट पडून असते. मी त्या घरचं पाणी पिणार नाही. ती आली तर मी लग्नाला येणार नाही. त्याचं तोंड बघणार नाही. बोलणं सुरू होतं, पण अट तशीच राहते.

माझ्या एका सहकाऱ्याच्या घरातली गोष्ट आहे, त्याला विचारूनच लिहितोय, गाव सांगत नाही. वडील आणि चुलते, दोघांची शेती शेजारी शेजारी. चुलत्यांनी बांध कोरला. मराठवाड्यातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. दर वर्षी नांगरताना वीतभर, दोन वीत, असं करत चार-पाच वर्षांत बांध चांगला तीन हात सरकला. मग भांडण झालं, बोलणं बंद. पुढं संक्रांतीला चुलते घरी येऊ लागले. तीळगूळ द्यायचे, गोड बोला म्हणायचे, झालं-गेलं विसरून जाऊ म्हणायचे. चहा घेऊन जायचे. बांध तिथंच. अशा सहा संक्रांती गेल्या. दरम्यान आजी वारली. दोन्ही पोरं एका पंगतीत जेवताना तिला बघायची होती.

तिच्या वर्षश्राद्धानंतर, पेरणीच्या आधी, चुलते एके सकाळी एकटेच शेतात गेले आणि बांधावरचे दगड उचलून जुन्या जागी लावायला लागले. कुणाला बोलावलं नाही, मोजणी नाही, पंच नाहीत. सहकाऱ्याचे वडील लांबून बघत होते. थोड्या वेळानं तेही गेले आणि दुसऱ्या टोकानं दगड लावू लागले. दुपारी दोघं एकाच डब्यातली भाकरी खाताना दिसले. 'माफ कर' हा शब्द दोघांपैकी कुणी उच्चारला नाही, असं तो सांगतो. आजीचं मात्र राहून गेलं.

यावरून शब्दांची गरजच नाही असं कुणी समजू नये. आपल्याकडचे बरेच पुरुष हीच पळवाट काढतात. बायकोला सगळ्यांपुढं तोडून बोलायचं आणि रात्री गुपचूप भांडी घासून ठेवायची, झाली माफी. वडीलमंडळींचंही तसंच. मुलाला नको ते बोलून झालं की तासाभरानं 'जेवलास का रे?' एवढंच. त्या 'जेवलास का'मध्ये खूप काही असतं, हे आपण मोठेपणी ओळखायला शिकतो. पण दहा वर्षांच्या पोराला ते कसं कळावं? त्याला शब्दच द्यावा लागतो. 'मी चुकलो बेटा' म्हटल्यानं बापाची उंची कमी होत नाही.

आणि चूक जिथं झाली तिथंच कबुली, हेही आहे. हरिपंडितानं अटी घातल्या तेव्हा गावाला माहीत होतं, शिष्यत्व घेतलं तेही गावादेखत. वाघोलीचे रामेश्वर भट्ट बघा. तुकोबांच्या अभंगांना त्यांनी विरोध केला, वह्या इंद्रायणीत बुडवायला लागल्या. पुढं हेच रामेश्वर भट्ट तुकोबांचे भक्त झाले आणि त्यांची आरती लिहिली, त्यात स्वतःचं नाव घातलं. ती आरती आजही घरोघरी, देवळोदेवळी म्हटली जाते. साडेतीनशे वर्षं एका माणसाची कबुली लोक टाळ्या वाजवून गातायत! आपण ग्रुपवर चाळीस जणांपुढं टोमणा मारतो आणि सॉरी वेगळ्या चॅटमध्ये, निळी टिक बंद करून.

माफी घेणाऱ्याचंही एक काम असतं. गोदावरीवर नाथ अंघोळ करून वर आले की एक जण त्यांच्यावर थुंकायचा, ही कथा सगळ्यांच्या पाठ आहे. १०८ वेळा झाल्यावर तो पाया पडला. तेव्हा नाथांनी त्याला लाजवलं नाही, 'आता कळलं का?' असं विचारलं नाही. तुझ्यामुळं आज मला इतक्या वेळा गोदास्नान घडलं म्हणाले. आपण असतो तर १०८ वेळांचा हिशेब तारखांसकट काढून दाखवला असता. मग पुढच्या वेळी कोण येईल कबूल करायला? चांगल्या टीममध्ये काही बिघडलं की आधी 'काय चुकलं' विचारतात, 'कोण चुकलं' नाही. त्यामुळंच लोक आपली चूक स्वतःहून सांगतात. घरात हा नियम आणायला काय हरकत आहे?

जुन्या हिशेबाच्या कागदांवर, दुकानांच्या बिलांवर खाली बारीक अक्षरात छापलेलं असायचं, चू. भू. द्या. घ्या. चूकभूल द्यावी घ्यावी. व्यवहारी लोकांनी किती सहज लिहून ठेवलंय! हिशेब माझा आहे, त्यात चूक असू शकते, सापडली तर सांगा, मी भरून देईन, आणि माझी निघाली तर तुम्ही द्या. एका पैसाठी रात्र जागवणाऱ्या नाथांच्या वहीलाही ही ओळ शोभली असती.

नाथांनी शके १५२१ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला गोदाकाठी देह ठेवला. त्या तिथीला आपल्याकडं नाथषष्ठी भरते, बिडकीन-ढोरकीनच्या रस्त्यानं दिंड्यांची रांग लागते. पण जाताना एक आठवण असू द्या. त्यांच्यानंतर हरिपंडितांनी नाथांच्या पादुका दर वर्षी आषाढीला पंढरपूरला न्यायला सुरुवात केली. ज्यांच्या कीर्तनाची त्यांना एके काळी लाज वाटायची, त्यांच्या पादुका घेऊन ते मराठी अभंग गाणाऱ्या गर्दीतून पायी निघाले. ती पालखी पैठणहून अजून निघते.

उद्यापासून चोविसावा अध्याय, सांख्य. जरा अवघड आहे, सावकाश घेऊ.

राम कृष्ण हरी.